कुमासी : जिथे वारसा मामाकडून येतो

कंपनी तुम्हाला दोन-तीन वर्षांसाठी घानातल्या कुमासीला पाठवतेय. तिथे तीनचाकी गाड्यांच्या सुट्या भागांचं काम बघायचंय, आणि त्याआधी शहराचा इतिहास, तिथली माणसं आणि तिथला पैसा कुठून येतो हे समजून घ्यायचंय, असं तुम्ही विचारलंय. प्रश्न बरोबर क्रमाने विचारलात. बहुतेक जण पगार, मलेरिया आणि घरभाडं एवढंच विचारून विमानात बसतात.

मी २००७ ते २०२१ कुमासीत होतो. मूळ कोल्हापूरचा, उद्यमनगरातल्या मशिनशॉपमध्ये वाढलेला. कुमासीत सुटे भाग आयात करून घाऊक विकायचं काम केलं. त्यामुळे हे उत्तर दुकानाच्या आणि गॅरेजच्या बाजूने लिहिलेलं आहे.

आधी एक गैरसमज काढून टाका. कुमासी म्हटलं की लोक सोनं आणि कोको म्हणतात. दोन्ही खरं, पण सोन्याची मोठी खाण साठेक किलोमीटर दक्षिणेला ओबुआसीला आहे आणि कोको आजूबाजूच्या जंगलपट्ट्यात पिकतो. कुमासीचं पोट भरतं ते चौफुलीवर बसल्यामुळे. अक्राच्या वायव्येला अडीचशे किलोमीटरवर हे गाव आहे. किनाऱ्याकडून वर जाणारा आणि उत्तरेच्या माळरानातून खाली येणारा माल इथे उतरतो, विकला जातो, पुन्हा चढतो. तो वाहणाऱ्या गाड्याही इथेच दुरुस्त होतात. गाव तीनशे वर्षांपूर्वीही हेच करत होतं. आज आजूबाजूची उपनगरं धरून इथली वस्ती तीसेक लाखांच्या घरात आहे.

नावाची गोष्ट तुम्हाला पहिल्याच आठवड्यात कोणीतरी सांगेल. सतराव्या शतकाच्या अखेरीस असांते लोकांचा राजा ओसेई टुटू आणि त्याचा पुरोहित-सल्लागार ओकोम्फो अनोचे यांनी वेगवेगळ्या ठिकाणी कुम नावाची झाडं लावली. ज्या जागचं झाड जगलं तिथे राजधानी करायची ठरलं. क्वामानचं झाड तरारलं आणि गावाला कुमासे, म्हणजे कुमच्या झाडाखालचं गाव, हे नाव मिळालं. आपली वडगाव, पिंपळगाव, चिंचवड जशी झाली तसंच. अनोचेने जमिनीत रोवलेली तलवार आजही सरकारी मोठ्या दवाखान्याच्या आवारात दाखवतात. ती उपसली तर असांतेंची एकी मोडेल अशी श्रद्धा आहे. त्या दवाखान्यालाही अनोचेचंच नाव आहे. इंग्रजी स्पेलिंग बघून ‘अनोक्ये’ म्हणू नका. असांतेंच्या ट्वी भाषेत त्या अक्षरांचा उच्चार ‘च’ होतो, आणि नाव नीट उच्चारलं की समोरचा माणूस लगेच मोकळा होतो.

१७०१ मध्ये फेयिआसेच्या लढाईत असांतेंनी डेंचिरा या बलाढ्य राज्याला हरवलं आणि किनाऱ्याकडचा व्यापाराचा रस्ता मोकळा झाला. पण त्यांना एकत्र बांधलं ते सोन्याच्या आसनाने. ‘सिका द्वा कोफी’, म्हणजे शुक्रवारी जन्मलेलं सोन्याचं आसन. अनोचेने ते आकाशातून उतरवलं असं सांगतात. त्यात साऱ्या असांतेंचा आत्मा आहे, हयात असलेल्यांचा, गेलेल्यांचा आणि अजून जन्माला न आलेल्यांचाही. म्हणून राजासुद्धा त्यावर बसत नाही. मोठ्या प्रसंगी ते बाहेर आणलं तर राजाच्या शेजारी, स्वतःच्या वेगळ्या आसनावर ठेवतात. भरताने सिंहासनावर पादुका ठेवून कारभार केला, ती कथा मनात आणा म्हणजे हे चटकन समजेल.

त्या काळचं कुमासी म्हणजे जंगलातलं खेडं नव्हे. १८१७ मध्ये बाउडिच नावाचा इंग्रज दूत इथे आला. रुंद रस्ते, घरोघरी शौचाची वेगळी सोय आणि रोज सकाळी रस्त्यामागे जाळला जाणारा कचरा हे सगळं त्याने लिहून ठेवलंय. बाजारात सोन्याची पूड हेच चलन होतं. प्रत्येक व्यापाऱ्याकडे स्वतःचा छोटा तराजू, पितळी चमचे आणि पितळेची वजनं असत. पक्षी, मासे, मगरी, माणसं अशा आकारांची ती वजनं, आणि एकेका आकारामागे एकेक म्हण. मला भेट मिळालेलं एक वजन अजून माझ्या टेबलावर आहे. मागे वळून पाहणारा पक्षी, सांकोफा. मागे राहिलेलं परत जाऊन आणण्यात चूक नाही, असा त्याचा अर्थ.

उत्तरेकडे कोलाची फळं जायची. मुसलमान समाजात दारू नाही, पण कोला चघळायला चालतो, म्हणून हौसा व्यापारी तो दूर सवाना ओलांडून न्यायचे. उत्तरेकडच्या सलागा गावच्या बाजारात कवड्या चालायच्या, आणि त्या कवड्या मूळच्या मालदीवच्या, हिंदी महासागरातून फिरत-फिरत आलेल्या. घानाच्या आजच्या चलनाचं ‘सेडी’ हे नाव कवडीच्या अकान, म्हणजे असांतेंच्याच भाषासमूहातल्या, शब्दावरून आलंय. आपण ‘कवडीमोल’ म्हणतो, त्यांनी कवडीला चलनाचं नाव दिलं. याच रस्त्यांवरून गुलामही नेले-आणले गेले. असांते राज्याच्या भरभराटीत त्या व्यापाराचा वाटा मोठा होता. कुमासीवर कितीही जीव जडला तरी हे वगळून तिचा इतिहास सांगता येत नाही.

मग इंग्रज आले. १८२४ मध्ये असांतेंनी त्यांचा गव्हर्नर मॅकार्थी याला लढाईत मारलं. १८७४ मध्ये त्यांचा सेनापती वुल्सली फौज घेऊन कुमासीत शिरला, राजवाडा लुटला, सुरुंग लावून उडवला आणि शहर जाळून परतला. वर पन्नास हजार औंस सोन्याचा दंड लादला. १८९६ मध्ये तरुण राजा पहिला प्रेम्पे याला लढाई न होताच कैद केलं आणि पुढे सेशेल्स बेटांवर नेऊन ठेवलं. इथे मराठी माणसाला थिबा राजा आठवल्याशिवाय राहत नाही. ब्रह्मदेशच्या थिबाला रत्नागिरीत आणलं १८८६ मध्ये, म्हणजे काळही तोच आणि युक्तीही तीच. राजाला मारायचं नाही, समुद्रापलीकडे ठेवायचं, म्हणजे लोक हळूहळू विसरतील. थिबा १९१६ मध्ये रत्नागिरीतच वारला. प्रेम्पे मात्र १९२४ मध्ये परत आला, आणि त्याच्यासाठी १९२५ मध्ये बांधलेला मान्शियाचा वाडा आज संग्रहालय आहे.

मधल्या काळात, मार्च १९०० मध्ये, गव्हर्नर हॉजसनने कुमासीत सरदारांची सभा बोलावली आणि सोन्याचं आसन मागितलं, तेही स्वतः बसायला. सरदार गप्प राहिले. एजिसूची राजमाता या असांतेवा मात्र गप्प राहिली नाही. तिच्या नेतृत्वाखाली युद्ध उभं राहिलं, किल्ल्यात इंग्रज अडकून पडले, गव्हर्नरला वेढा फोडून पळावं लागलं. शेवटी असांते हरले आणि या असांतेवाला सेशेल्सला नेलं. १९२१ मध्ये ती तिथेच वारली. पण आसन इंग्रजांच्या हाती लागलं नाही, ते लोकांनी लपवून ठेवलं होतं. कुमासीत कोणाशीही बोला, ही गोष्ट तो पराभवाची म्हणून सांगत नाही.

१८७४ मध्ये लुटलेल्या वस्तूंपैकी काही २०२४ मध्ये परत आल्या. अमेरिकेतल्या फाउलर संग्रहालयाने ७ वस्तू कायमच्या परत केल्या. लंडनच्या दोन मोठ्या संग्रहालयांनी ३२ वस्तू दिल्या, पण उसन्या, ठरावीक मुदतीसाठी. माझ्या जुन्या हिशेबनिसाने तेव्हा फोन केला होता. तो आईला घेऊन मान्शियाला जाऊन आला होता. म्हातारी एका कपाटासमोर बराच वेळ उभी होती, म्हणाला. १९९९ पासून गादीवर असलेले दुसरे ओसेई टुटू हे आजचे असांतेहेने, म्हणजे असांतेंचे राजे. त्यांच्याकडे सरकारी सत्ता नाही, पण जमिनीचे तंटे, गाद्यांचे तंटे, बाजारातली भांडणं लोक आजही त्यांच्या दरबारात नेतात. दर सहा आठवड्यांनी एका रविवारी मान्शियाला अक्वासिदे भरतो. ढोल, मोठमोठ्या छत्र्या, सोन्याने मढलेले सरदार. पोचल्यावर पहिली तारीख बघून जा.

आता माणसं. ज्या एका गोष्टीवर तुमचा धंदाही अवलंबून राहील ती आधी सांगतो. असांते समाजात कूळ आईकडून चालतं. तुम्ही आईच्या कुळाचे, त्याला ‘अबुसुआ’ म्हणतात. राजा कोण व्हावा हे सुचवण्याचा पहिला अधिकार राजमातेचा, आणि परंपरेने माणसाचा वारस त्याचा मुलगा नसून बहिणीचा मुलगा. मामाला ‘वोफा’ म्हणतात. ‘मामाच्या गावाला जाऊया’ हे आपल्याकडे सुट्टीपुरतं असतं, तिथे मामाचं गाव हेच हक्काचं गाव.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. २०११ च्या सुमारास सुआमे या कुमासीतल्या गॅरेजवस्तीतला एक दुकानदार माझ्याकडून उधारीवर माल उचलायचा. चोख माणूस. अचानक वारला. बऱ्यापैकी रक्कम अडकली होती. मी त्याच्या मोठ्या मुलाला भेटलो. मुलगा नम्रपणे म्हणाला, “हे माझ्याकडे नाही, अबुसुआकडे आहे.” मला वाटलं टाळतोय. पैसे बुडाले असं मी घरी सांगूनही टाकलं. चाळीस दिवसांचे विधी झाल्यावर एक पस्तिशीचा गृहस्थ दोन वडीलधाऱ्यांना घेऊन दुकानात आला. बसला, पाणी प्यायला, घरच्यांची विचारपूस झाली. मग म्हणाला, “मी त्यांच्या बहिणीचा मुलगा. त्यांच्या जागी मला बसवलंय. तुमची वही काढा.” ओळ न् ओळ त्याने त्याच्याकडच्या वहीशी ताडून पाहिली. तीन हप्त्यांत सगळी रक्कम चुकती केली. जागेबरोबर कर्जही आलं होतं.

आता हे सगळं बदलतंय. १९८५ च्या वारसा कायद्याने मृत्युपत्र न करता गेलेल्या माणसाच्या बायको-मुलांना मिळकतीत मोठा वाटा दिला, आणि शहरातले बरेच लोक मुलांच्या नावाने आधीच लिहून ठेवतात. तरी उधारी देताना तुम्ही दोन गोष्टी विचारून ठेवा. याचं अबुसुआ कोणतं आणि त्यांचा प्रमुख कोण. बँकेच्या कागदापेक्षा मला याचा उपयोग जास्त झाला.

अंत्यविधी हा कुमासीचा सर्वांत मोठा सामाजिक प्रसंग. शनिवारी अर्धं शहर लाल-काळ्या कपड्यांत दिसतं. मोठा मंडप, भाड्याच्या खुर्च्या, ध्वनिक्षेपक. तुम्ही टेबलावर जाऊन पैसे द्यायचे, मग माइकवर तुमचं नाव आणि रक्कम पुकारतात आणि पावती हातात देतात. लग्नात आहेर लिहून घेणारा वहीवाला आपल्याकडे बसतो, तसंच. आत शिरताना उजवीकडून सुरुवात करून बसलेल्या प्रत्येकाशी हात मिळवत जायचं. एखाद्या ग्राहकाच्या आईच्या अंत्यविधीला गेलात की तुम्ही त्याच्यासाठी नुसते ‘ओब्रोनी’, म्हणजे परके, राहत नाही. हो, आपल्यालाही ते ओब्रोनीच म्हणतात. त्यात अपमान नाही.

नावांची भानगड सोपी आहे. जन्मवारावरून नाव पडतं. शुक्रवारचा कोफी, शनिवारचा क्वामे, रविवारचा क्वासी, बुधवारचा क्वाकू. मुलींत शनिवारची आमा, रविवारची अकोसुआ, गुरुवारची या. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस झालेले कोफी अन्नान १९३८ मध्ये कुमासीतच जन्मले, आणि शुक्रवारी. तुमचा जन्मवार काढून ठेवा, पहिल्याच दिवशी विचारतील आणि त्याच नावाने हाक मारतील. मी तिथे क्वाबेना होतो, मंगळवारचा.

सगळे असांते आहेत असंही समजू नका. जुन्या काळात आलेल्या परदेशी व्यापाऱ्यांची वस्ती ती ‘झोंगो’. असावासे, अबोआबो या भागांत हौसा, मोशी, दागोम्बा असे उत्तरेकडचे लोक पिढ्यान् पिढ्या राहतात. बहुतेक मुसलमान. गुरांचा, कांद्याचा, कोलाचा व्यापार बराचसा त्यांच्या हातात. उत्तरेतून येणाऱ्या कोवळ्या वयाच्या मुली बाजारात डोक्यावर ओझी वाहतात. त्यांना ‘कायायेई’ म्हणतात. अल्युमिनियमची मोठी परात डोक्यावर, पाठीशी कधी तान्हं मूल, रात्री दुकानाच्या पायरीवर झोप. त्यांच्याशी घासाघीस करू नका, एवढीच विनंती.

ही परात तुम्हाला दिसेल केजेतियाला. पश्चिम आफ्रिकेतल्या सर्वांत मोठ्या बाजारांपैकी हा एक. जुन्या बाजारात दहा हजारांहून जास्त गाळे, मधून रेल्वेचे रूळ, आणि त्या रुळांवरसुद्धा टोमॅटोचे ढीग. आता नवी पक्की इमारत झालीय. दुसऱ्या टप्प्याचं काम मात्र देशाच्या कर्जसंकटात अडकून पडलं होतं. बाजार बायकांचा आहे. प्रत्येक जिनसाची एक ‘ओहेम्मा’, म्हणजे राणी, असते. यामकंदाची वेगळी, टोमॅटोची वेगळी. ती निवडून आलेली नसते, त्या मालाच्या जाणत्या बायकांनी ठरवलेली असते. बुर्किना फासोहून टोमॅटोचा ट्रक आला की भाव काय धरायचा, माल सडका निघाला तर तोटा कोणी किती सोसायचा, दोघींचं भांडण झालं तर चूक कोणाची, हे ती सांगते.

यामच्या राणीकडचा एक निवाडा मी शेजारच्या बाकड्यावर बसून पाहिला. ट्रकवाला म्हणत होता शंभर नग मोजून दिले, बाई म्हणत होती अठ्ठ्याऐंशीच निघाले. राणीने दोघांना बोलू दिलं, मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. मग हमालाला बोलावलं, ढीग पुन्हा मोजायला लावला. मोडलेले तुकडे वेगळे काढून जोडून पाहिले. सहा तुटक्या यामांचे तुकडे गोणीच्या तळाशी होते. तिने ट्रकवाल्याला उरलेल्या सहांचे पैसे सोडायला सांगितलं आणि बाईला तुटक्या सहांची अर्धी किंमत मान्य करायला लावली. वीस मिनिटं. त्या बाजारात असा निवाडा मोडला तर उद्या कोणी माल देणार नाही, म्हणून तो पाळला जातो.

याच बाजारात रोज सकाळी ‘सुसू’वाला फिरतो. आपली पिग्मी म्हणा ना. ठरलेली छोटी रक्कम रोज गोळा करायची, कार्डावर चौकोनात खूण करायची, महिनाअखेरीस सगळे पैसे परत द्यायचे आणि एका दिवसाची रक्कम स्वतःची मजुरी म्हणून ठेवायची. व्याज नाही. तरी बायका ते करतात, कारण घरात पैसे राहिले की कोणीतरी नातेवाईक मागतो. आता बरंचसं मोबाइलवरून चालतं. तिथे ‘मोमो’ म्हणतात, आपल्या यूपीआयच्या कितीतरी आधीपासून, २००९ पासून. माझे खेड्यापाड्यांतले ग्राहक मोमोनेच पैसे पाठवायचे.

आता तुमचं कार्यक्षेत्र, सुआमे मॅगझिन. नाव लष्कराच्या जुन्या दारूगोळ्याच्या कोठाराशी जोडलेलं आहे. आज तिथे हजारो वर्कशॉप आहेत आणि लाखाहून जास्त लोक काम करतात. मैलच्या मैल काळी तेलकट माती, उघड्यावर लेथ, वेल्डिंगच्या ठिणग्या, इंजिनांचे डोंगर. युरोप, अमेरिका, कोरियातून आलेल्या जुन्या गाड्या इथे खोलल्या जातात. उद्यमनगरात वाढलेल्या मला पहिल्या दिवशी घरी आल्यासारखं वाटलं. कारागिराला तिथेही ‘फिटर’च म्हणतात. शिकाऊ मुलगा ‘मास्टर’कडे तीन-चार वर्षं राहतो, फी भरतो, आणि शिक्षण पुरं झालं की त्याच्या डोक्यावर-अंगावर पांढरी पावडर उधळून त्याला मोकळं करतात. नाचत नाचत गल्लीतून नेतात.

एका मास्टरला काम करताना बघितलंय ते सांगतो. डिझेल इंजिन ठोका मारत होतं. त्याने लांब पेचकसाचं टोक ब्लॉकवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि एकेका सिलिंडरवर सरकवत गेला. तिसऱ्यावर थांबला, पोराला बोट दाखवलं. ऑइल पॅन उतरवला तर तिसऱ्याचं बेअरिंग खाल्लेलं. नवं बेअरिंग त्या मापाचं नव्हतं, म्हणून दुसऱ्या गाडीचं आणून मागच्या बाजूने घासून बसवलं. गाडी संध्याकाळी निघाली. हे कौशल्य आहे आणि हीच मर्यादाही आहे. माप घेतलेलं नसतं, जुळवलेलं असतं, त्यामुळे सहा महिन्यांनी तेच काम पुन्हा निघतं. कुमासीच्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठाने १९८० पासून सुआमेत प्रशिक्षण-वर्कशॉप चालवून लेथ, मिलिंग, ढलाई शिकवली आणि त्यातून चांगली पिढी तयार झाली. तुम्ही गेलात की पहिल्या वर्षी दुकान वाढवण्यापेक्षा मास्टर लोकांसाठी दर महिन्याला मायक्रोमीटर-फीलर गेजने अचूक माप घ्यायला शिकवण्याचा एक दिवस ठेवा. माझी खरी विक्री त्यानंतर वाढली, कारण मूळ मापाचा भाग का लागतो हे त्यांना पटलं.

तीनचाकीला तिथे ‘प्रागिया’ म्हणतात. वाळूजहून निघालेली बजाजची रिक्षा कुमासीच्या उपनगरी चढावर प्रवासी भरून जाताना पाहिली की छाती फुगते, खरं सांगतो. २०१२ च्या नियमांनी तीनचाकीतून भाड्याने प्रवासी नेण्यास मनाई केली होती, तरी गल्लीबोळांत तिच्यावाचून चालेना. शहराच्या मध्यभागात तिला अडवण्याचे प्रयत्न अधूनमधून होतात, तेव्हा आजची स्थिती काय ती तिथे गेल्यावर ड्रायव्हरांच्या संघटनेकडूनच जाणून घ्या. खप क्लच प्लेट, ब्रेक शू, केबल आणि सायलेन्सरचा. नोव्हेंबरच्या अखेरीपासून सहाराकडून हरमॅटनचा धुळीचा वारा येतो, तेव्हा एअर फिल्टर दुप्पट ठेवा.

विक्रीचं वेळापत्रक कोकोवर चालतं. तेत्ते क्वार्शी नावाच्या माणसाने १८७९ मध्ये फर्नांडो पो बेटावरून कोकोचं बी आणलं आणि १९११ पर्यंत हा देश जगात पहिल्या क्रमांकावर गेला. तो पिकवला छोट्या शेतकऱ्यांनी, मळेवाल्या गोऱ्यांनी नव्हे, हे लक्षात ठेवा. १९०३ मध्ये रेल्वे कुमासीला पोचली ती सोन्यासाठी आणि फौजेसाठी, पण शहर मोठं झालं ते कोकोमुळे. आज पहिला क्रमांक शेजारच्या आयव्हरी कोस्टचा. शेती वाट्याने करतात. निम्म्या वाट्याला ‘अबुनू’, तिसऱ्या वाट्याला ‘अबुसा’. कोकणातली अर्धेल-तिर्धेल माहीत असेल तर वेगळं समजावायला नको. भाव सरकारी कोको मंडळ ठरवतं, पोतं ६४ किलोचं. मुख्य हंगाम ऑक्टोबरला सुरू होतो. त्यानंतर तीन महिने पैसा खेळतो, गाड्या दुरुस्त होतात, थांबलेले अंत्यविधी होतात, छपरांचे पत्रे बदलतात. मे ते ऑगस्ट उधारी. माल त्या हिशेबाने मागवा. अलीकडे मोठं दुखणं म्हणजे ‘गालामसे’, बेकायदा सोन्याचं खोदकाम. कोकोची झाडं तोडून जमीन खणतात, नद्या गढूळ लाल वाहतात. पूर्वी स्वच्छ पाहिलेले ओढे तसे झालेले बघवत नाहीत.

चलनाची धास्ती कायम बाळगा. मी पोचलो त्याच वर्षी सेडीची चार शून्यं उडवली होती, दहा हजारांचा एक. २०२२ च्या डिसेंबरात महागाई ५४ टक्क्यांवर गेली आणि देशाने परदेशी कर्जाची फेड थांबवली. डॉलरमध्ये माल घेऊन सेडीत उधार विकणारा आयातदार अशा वेळी सहा महिन्यांत संपतो. माझ्या काळातही सेडी घसरली तेव्हा मी उधारीची मुदत तीस दिवसांवर आणली, तरी मोठा फटका बसला होता.

दोन कायदेशीर गोष्टी. बाजारातला किरकोळ व्यापार घानाच्या नागरिकांसाठी राखीव आहे. २०१३ च्या कायद्याप्रमाणे परदेशी व्यापारी कंपनीला दहा लाख डॉलरचं भांडवल आणि किमान वीस स्थानिक नोकर लागायचे. निघण्यापूर्वी आजचा नियम वकिलाकडून पाहून घ्या. सुआमेत परदेशी सुटे-भागवाल्यांच्या दुकानांना स्थानिक संघटनांनी कुलपं ठोकलेली मी पाहिलीत. तुम्ही घाऊकच राहा, किरकोळ त्यांना करू द्या. दुसरं, जमीन. ती बहुतेक सरदारांच्या गादीची असते. परदेशी माणसाला जास्तीत जास्त पन्नास वर्षांचा भाडेपट्टा मिळतो. एकच प्लॉट दोघांना दिल्याची भांडणं रोजची आहेत, तेव्हा गोदाम भाड्याने घ्या.

वागणुकीचं म्हणाल तर डाव्या हाताने काही देऊ-घेऊ नका. कोणाकडे गेलात की आधी बसायचं, पाणी प्यायचं. मग ते ‘अमानेए’ विचारतात, म्हणजे येण्याचं कारण. त्याआधी कामाचं बोलणं हा उतावळेपणा समजतात. आपल्या गुळपाण्याची रीत असलेल्या माणसाला हे जड जाऊ नये.

सुट्टीत बोन्विरेला जाऊन केंटे हे रंगीत कापड विणताना पाहा, न्तोन्सोला कापडावर उमटवायच्या अदिंक्रा चिन्हांचे ठसे पाहा. तीसेक किलोमीटरवर बोसुम्त्वीचं तळं आहे, दहा लाख वर्षांपूर्वी उल्का पडून झालेलं. लोणार पाहिलं असेल तर विवराच्या काठावर उभं राहताच ओळख पटेल, फक्त हे कितीतरी मोठं. या तळ्यावर परंपरेने होड्या चालत नाहीत. कोळी जाड फळीवर पालथे पडून हाताने वल्हवत जातात.

जेवणाची काळजी करू नका. फुफू, म्हणजे उकडून कुटलेल्या कंदाचा मऊ गोळा, चावायचा नसतो, गिळायचा असतो, तो हळूहळू जमेल. तोवर बाजारात ‘कोन्तोमिरे’ मागा, म्हणजे अळूच्याच जातीची पानं. शेंगदाणे तिथे उत्तम आणि मुबलक. आमच्या घरी दर रविवारी त्या पानांचं शेंगदाणे घालून फदफदं व्हायचं. आमसुलं तेवढी इथून भरपूर घेऊन जा, ती कुमासीत कुठेच मिळत नाहीत.